विसार देण्यापूर्वी

मागच्या महिन्यात बिरसा येथील बाजार आटोपून परतणारे एक गृहस्थ आमच्या ओसरीवर घटकाभर टेकले. पाणी झाले, शेताची चौकशी झाली, पण मनातली गोष्ट काही बाहेर येईना. अखेर निघता निघता ते म्हणाले, ‘भाऊ, नाताळानंतर धाकटीचे लग्न काढले आहे. बाकी सारे जमले. फोटोवाला तेवढा ठरवायचा राहिला आहे, आणि त्याचीच मला भीती वाटते.’

फोटोवाल्याची भीती कसली, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही क्षणभर तसे वाटले. पण मग त्यांनी थोरल्या मुलीच्या लग्नाची हकिकत सांगितली, आणि ती ऐकल्यावर हा विषय या सदरात घेणे आम्हांस अगत्याचे वाटले.

थोरलीचे लग्न पास्काच्या सणानंतर झाले. छायाचित्रकार दूरच्या शहरातला. त्याने मोबाइलवर पाठविलेली चित्रे पाहून घरची तरुण मंडळी हरखून गेली. ४५,००० रुपये ठरले आणि त्यांपैकी ३०,००० विसार म्हणून आधीच देऊन झाले. कागद नाही, पावती नाही. ‘काका, तुम्ही काळजीच करू नका, माझ्या बहिणीचे लग्न समजून काम करतो,’ एवढा शब्द मात्र होता. लग्नाच्या दिवशी तो स्वतः आलाच नाही. त्याने पाठविलेली दोन पोरे घाट चढून चर्चच्या दारी पोचली, तेव्हा वधू-वरांनी एकमेकांस वचने देऊन झाली होती. सकाळी घरून निघताना ऐंशी वर्षांच्या आजीने नातीच्या कपाळावर क्रुसाची खूण केली, तेव्हा अंगणात कोणाचाच कॅमेरा नव्हता. जेवणावळीची चित्रे त्या पोरांनी घेतली. परंतु चार महिने अल्बमचा पत्ता नाही. पुढे फोन उचलणे बंद झाले. शेवटी निरोप आला, की कार्ड बिघडले आणि चित्रे गेली.

त्याच आठवड्यात आजी प्रभूघरी गेली. ‘पैशाचे मी सोडून दिले, भाऊ,’ ते गृहस्थ म्हणाले. ‘पण महिन्याच्या मिस्सेसाठी पत्रिका छापायची, तर आईचा एक धड फोटो घरात नाही. मतदार कार्डावरचा आहे, तोच मोठा करून लावला.’

आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. ‘या वेळी सगळे लिहून घ्यावे असे वाटते. पण कागद मागितला, तर तो माणूस म्हणेल, हे लोक मला चोर समजतात. आपल्याकडे शब्दावर व्यवहार चालतो. कसे मागू?’

या संकोचापायीच पुष्कळ भल्या कुटुंबांचे नुकसान होते. म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

लेखी मागणे हा अविश्वास नव्हे. याला दाखला शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या चर्चमध्ये मुलीचे लग्न लागते, तेथेच तो आहे. वधू आणि वर यांचा एकमेकांवर विश्वास नसता, तर ते वेदीपाशी आलेच नसते. तरीही त्यांची वचने धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर घेतली जातात, आणि लागलीच त्यांची नावे, साक्षीदारांची नावे, ठिकाण व तारीख विवाहाच्या नोंदवहीत लिहिली जाते. ही रीत सार्वत्रिक झाली ती ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ साली केलेल्या आदेशाने. त्यापूर्वी युरोपात पुष्कळ विवाह खाजगीत, नुसत्या शब्दावर होत. मग एखादा पुरुष पहिली पत्नी टाकून उघडपणे दुसरी करी, आणि पहिलीजवळ पुरावा काहीच नसे. नोंदवही आली ती दुबळ्या बाजूचे रक्षण करण्यासाठी. तेव्हापासून आजवर एकाही वराने नोंदवहीत सही करताना ‘माझ्यावर विश्वास नाही काय?’ असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. मग लग्नाचे वचन लिहून ठेवण्यात कमीपणा नसेल, तर लग्नाच्या चित्रांचे वचन लिहिण्यात तो कोठून आला?

आता हे छायाचित्रकार शब्द मोडतात तरी का, हेही पाहू. त्यांत अट्टल लबाड थोडेच असतात. बहुतेक जण आपल्याने पाळवतील त्याहून अधिक शब्द देऊन बसलेले असतात. लग्ने वर्षभर सारखी पसरलेली नसतात. हिंदू समाजात चातुर्मासात आणि खरमासात मुहूर्त नसतात. राहिलेल्या दिवसांत त्यांची एकच गर्दी उसळते. आपल्याकडे आगमनकाळात व उपवासकाळात लग्ने टाळण्याची रीत आहे. पास्काचा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कोठेही येतो. त्यामुळे राखेचा बुधवार कधी ४ फेब्रुवारीइतका लवकर, तर कधी १० मार्चइतका उशिरा पडतो. म्हणजे नाताळापासून उपवासकाळापर्यंत कधी जेमतेम दीड महिना हाती असतो, कधी अडीच. तो अवधी आखूड असेल त्या वर्षी आपली आणि शेजाऱ्यांची लग्ने एकाच दिवशी येतात. मग एकच छायाचित्रकार तीन घरांचा विसार घेतो, एका घरी स्वतः जातो, आणि उरलेल्या दोन घरी भाड्याचे कॅमेरे घेतलेली पोरे धाडतो.

यातून एक सोयीची गोष्टही निघते, आणि ती आम्ही त्या गृहस्थांस सांगितली. डिसेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत खरमास असतो. या दिवसांत हिंदू लग्ने नसल्याने चांगले छायाचित्रकार बहुधा रिकामे असतात. नाताळ आणि संक्रांत यांच्या दरम्यान तारीख घेता आली, तर माणूस निवडण्यास वाव मिळतो आणि भावही माफक पडतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत दुसरा खरमास येतो. पास्काचा सण लवकर आलेल्या वर्षी सणानंतरचा आठवडाही तसाच मोकळा सापडतो.

माणूस निवडावा कसा? मोबाइलवर दिसणाऱ्या दहा सुरेख चित्रांवर भुलू नये. ती दहा लग्नांतील एकेक निवडलेली असतील, किंवा मुळी दुसऱ्याचीच उचललेली असतील. त्याऐवजी छायाचित्रकारास सांगावे, ‘एका लग्नाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा पुरा अल्बम दाखव.’ त्यातही चर्चमधले लग्न असल्यास उत्तम. आपल्या चर्चमध्ये खिडक्यांचा उजेड बेताचा असतो. तेथे उजेडाचा झोत न मारता ज्याला स्वच्छ चित्र घेता येते, त्यालाच काम येते असे समजावे. मग त्या लग्नाच्या घरी फोन करून दोनच गोष्टी विचाराव्या : तो ठरल्या वेळी आला होता काय, आणि अल्बम कधी मिळाला? चित्रे कशी आली हे अल्बम सांगतो. माणूस कसा आहे हे ते घरच सांगू शकते.

दुसरे असे, की काम ठरविणारा आणि कॅमेरा धरणारा हे एकच आहेत का, हे आरंभीच विचारून घ्यावे. मध्यस्थ असणे हा अपराध नव्हे. पण मग येणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याचे काम आपल्याला आधी कळले पाहिजे. बिरसा भागात हे विशेष महत्त्वाचे. बालाघाटहून अथवा महाराष्ट्रातील गोंदियाहून येणाऱ्यास जंगल आणि घाट ओलांडावा लागतो. सकाळच्या मिस्सेसाठी पहाटे निघालेली गाडी वाटेत बंद पडली, तर सारेच मुकले. म्हणून त्याने आदल्या संध्याकाळी मुक्कामास यावे, हे ठरविताना बोलून घ्यावे, आणि त्याची निजण्याची व जेवणाची सोय आपण करावी.

तिसरा प्रश्न यंत्राचा. पूर्वी मोठ्या कॅमेऱ्याच्या एका रोलवर १२ चौकोनी चित्रे येत, छोट्या कॅमेऱ्याच्या रोलवर ३६. छायाचित्रकार मोजून मापून कळ दाबी, आणि निगेटिव्ह दुकानात वर्षानुवर्षे पडून असे. दहा वर्षांनी गेले तरी नवी प्रत निघे. आज नखाएवढ्या कार्डावर हजारो चित्रे मावतात, आणि म्हणूनच ती हजारोंच्या संख्येने एका क्षणात जाऊ शकतात. चांगल्या कॅमेऱ्यांत दोन कार्डे बसतात आणि प्रत्येक चित्र दोहोंवर एकाच वेळी उमटविता येते. तुमच्या कॅमेऱ्यात तशी सोय आहे काय, आणि त्याच रात्री चित्रांची दुसरी प्रत कोठे उतरवून ठेवता, असे विचारावे. जाणत्या माणसास हा प्रश्न आवडतो. जो त्यावर हसतो, त्याला नमस्कार करून निघावे. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. कार्डावरची चित्रे चुकून पुसली गेली, तरी त्यावर नवे काही घेतले नसेल तोवर ती बहुधा परत काढता येतात. सबब ‘कार्ड बिघडले’ असे कोणी सांगितले, तर ते कार्ड वापरणे तत्काळ थांबवून जाणकाराकडे नेण्याचा आग्रह धरावा. त्या गृहस्थांस हे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर कदाचित आजीचा चेहरा हाती लागला असता.

आता कागदाविषयी. त्यासाठी वकील लागत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरावही करारच असतो. अडचण येते ती तो सिद्ध करण्याची. साध्या कागदावर मराठीत किंवा हिंदीत नऊ गोष्टी लिहाव्या आणि दोघांनी सह्या करून एकेक प्रत ठेवावी. दोघांची पूर्ण नावे व पत्ते. लग्नाची तारीख, ठिकाणे, येण्याची आणि जाण्याची वेळ. प्रत्यक्ष कोण येणार, आणि तो आजारी पडल्यास बदली कोण. कोणते प्रसंग व कोणती माणसे टिपलीच पाहिजेत. काय काय मिळणार, म्हणजे अल्बमची पाने किती, सुटी चित्रे किती, चलचित्र किती वेळाचे. ते कोणत्या तारखेपर्यंत मिळणार. एकूण रक्कम, तिचे हप्ते, आणि प्रवासखर्च त्यात धरला आहे की नाही. लग्न पुढे ढकलावे लागले तर विसाराचे काय. आणि चित्रांच्या प्रती तो किती दिवस सांभाळणार. ‘लवकर देतो’ हे शब्द कागदावर नकोत. लवकर म्हणजे पंधरा दिवस की वर्ष, हे ज्याचे त्याच्या मनात असते. तारीख लिहावी.

छापील पावती मिळाल्यास तिची मागची बाजूही वाचावी. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क ते काढवून घेणाऱ्याचा असतो, मात्र उलट करार नसेल तर. तो उलट करार बारीक अक्षरात पावतीच्या पाठीवर छापलेला असू शकतो. आपल्या मुलीचे चित्र दुकानाच्या जाहिरातीत झळकावे की नाही, हे आपण ठरवावे. न वाचता केलेल्या सहीने ते ठरू नये.

पैशाचे धोरण साधे आहे. सारी रक्कम किंवा तिचा मोठा भाग आधी देऊ नये. विसार म्हणून चौथाईच्या आसपास, लग्नाच्या दिवशी काम झाल्यावर पुढचा हप्ता, आणि निदान तिसरा हिस्सा अल्बम हाती पडल्यावर, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. शेवटचा हप्ता आपल्याकडे असला, की अल्बमला पाय फुटतात. देणे शक्यतो बँकेतून किंवा मोबाइलवरून द्यावे, म्हणजे त्याची नोंद राहते. रोख दिल्यास पावती घ्यावी. सेवेचा व्यवसाय वर्षाला २० लाख रुपयांच्या आत असणाऱ्यास सामान्यतः जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. म्हणून लहान फोटोवाल्याकडे तो क्रमांक नसला, तर त्याला खोटा समजू नये. परंतु नोंदणी नसताना जीएसटी म्हणून जादा पैसे मागणाऱ्यास मात्र नोंदणी क्रमांक अवश्य विचारावा.

एवढे करूनही फसगत झाली, तर गप्प बसू नये. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आहे. पैसे घेऊन ठरलेले काम न करणे ही या कायद्याच्या भाषेत सेवेतील त्रुटी होय, आणि लग्नाची चित्रे न देणाऱ्यांस ग्राहक आयोगांनी भरपाई द्यावयास लावलेले आहे. आपल्या सीमेवरच्या लोकांना या कायद्याने एक मोठी सोय करून दिली आहे. १९८६ च्या जुन्या कायद्यात बहुधा समोरचा पक्ष राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, नाहीतर घटना घडली तेथे तक्रार करावी लागे; आता तक्रारदार स्वतः जेथे राहतो, तेथेही ती करता येते. म्हणजे छायाचित्रकार महाराष्ट्रातला असला, तरी बिरसा येथील कुटुंबास बालाघाटच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत घटनेपासून २ वर्षांची आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करून सल्ला घ्यावा. पुष्कळदा तेवढ्यानेच तोडगा निघतो. मात्र प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच विचारला जाईल : काय ठरले होते, याचा कागद आहे काय?

येथवर आम्ही छायाचित्रकाराच्या कर्तव्याविषयी बोललो. आपलेही काही आहे. ठरलेल्या भावातून लग्नाच्या दिवशी पैसे कापणे, रात्री अकरापर्यंत राबवून त्याला जेवायला न विचारणे, अल्बम घेऊन शेवटचा हप्ता ‘पीक निघाल्यावर’ म्हणून लांबविणे, हे प्रकार आपल्या घरांतही होतात. गावचा प्रामाणिक फोटोवाला अशा दोन घरांमुळे बुडतो, आणि मग आपल्याला शहरातले गोड बोलणेच उरते. कागद दोन्ही बाजूंना बांधतो; तो आपण आपल्या बाजूनेही पाळावा. तसेच चर्चमध्ये कोठे उभे राहावे आणि कोणत्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा, हे फादरांस विचारून त्याला आधीच सांगावे, म्हणजे वेदीपाशी त्याची व आपली शोभा होणार नाही. आणि चित्रांसाठी कर्ज काढू नये. चित्रांवाचून लग्न खोटे ठरत नाही; नोंदवहीतील दोन ओळी त्यास पुरेशा असतात.

शेवटी एक बिनखर्चाचे काम. लग्नाच्या आदल्या दिवशी, घाईगर्दी सुरू होण्यापूर्वी, घरातल्याच कोणी तरुणाने आजी-आजोबांना अंगणात उजेडात बसवून मोबाइलवर त्यांची चार चित्रे घ्यावी, वधूबरोबर घ्यावी, आणि त्याच दिवशी दोन ठिकाणी जपून ठेवावी. लग्नानंतर आठ दिवसांच्या आत पाहुण्यांकडूनही चित्रे मागवून घ्यावी. पुढे लोक मोबाइल रिकामे करतात. छायाचित्रकार कितीही चांगला असो, आपल्या घरात कोणते माणूस यंदाचे पाहुणे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्यालाच ठाऊक असते.

त्या गृहस्थांनी बाजाराच्या यादीचा कागद उलटा करून हे नऊ मुद्दे आमच्याकडून लिहवून घेतले. गेल्या रविवारी मिस्सेनंतर ते पुन्हा भेटले. जवळच्या गावचा एक तरुण छायाचित्रकार त्यांनी ठरविला आहे. भीत भीत कागद पुढे केला, तर त्याने तो नीट वाचला, सही केली, आणि खाली आपल्या हाताने एक ओळ वाढविली, की वधू घरून निघण्यापूर्वी एक तास आधी मी अंगणात हजर असेन.

‘राग आला नाही त्याला?’ आम्ही विचारले.

‘नाही, भाऊ. म्हणाला, काका, असा कागद सगळ्यांनी दिला, तर मलाही बरे होईल.’